बाबूच्या मागच्या पायांना चाकं

आमच्याकडे बारा वर्षांचा एक डॅशहंड आहे, बाबू. मार्चमधल्या एका सकाळी तो जिन्याखाली बसून राहिला. पुढचे पाय उठले, मागचे उठलेच नाहीत. मणक्यांमधली चकती फुटून मज्जारज्जूवर दाबली गेली होती. शस्त्रक्रिया झाली, दुखणं थांबलं, पण पाय काही परत आले नाहीत. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आता दोन रस्ते आहेत, गाडी किंवा झोपेचं इंजेक्शन, आणि कुठलाही घेतलात तरी मी तुम्हाला दोष देणार नाही. पुण्याला आईला फोन केला. आधी ती हसली, "कुत्र्याला गाडी?" मग जरा थांबून विचारलं, "दुखतंय का रे त्याला?"

मागच्या भागात आपण मुंबईतल्या भटक्या कुत्र्यांवर बोललो, तेव्हा हे सांगायला वेळ पुरला नाही. पण आईच्या प्रश्नाला बराच जुना इतिहास आहे, म्हणून लिहितोय.

१८३२ सालची मुंबई डोळ्यांसमोर आणा. उन्हाळ्यात भटकी कुत्री मारायची असा कंपनी सरकारचा हुकूम आधीपासूनच होता, त्या वर्षी त्याची मुदत वाढवली. एका कुत्र्यामागे आठ आणे मिळत. आठ आणे म्हटल्यावर शिपाई घराच्या ओट्यावरचं पाळीव कुत्रंही सोडेनात. पारशांमध्ये मृताला कुत्र्याची नजर दाखवायचा विधी असतो, सगदीद. साहजिकच जूनमध्ये पारशी रस्त्यावर उतरले, जैन-हिंदू व्यापारीही सामील झाले, दुकानं बंद पडली, किल्ल्यातल्या गोऱ्या पलटणीची रसद अडली. दोन वर्षांनी, १८३४ मध्ये, जमशेटजी जीजीभॉय आणि जैन शेठ मोतीशा यांच्या पुढाकाराने मुंबईचा पांजरपोळ उभा राहिला.

पांजरपोळाचा नियम सरळ होता: आलेलं जनावर मारायचं नाही. लंगडं असो, आंधळं असो, त्याला त्याच्या मरणाने मरू द्यायचं. इंग्रजांना हे क्रौर्य वाटे. त्यांच्या भूतदयेचा रिवाज उलटा, म्हणजे सुटका करून टाकायची. १८२४ मध्ये लंडनमध्ये प्राण्यांवरच्या क्रूरतेविरुद्ध पहिली संस्था निघाली, आणि १८८४ मध्ये तिथल्याच बॅटरसीच्या कुत्र्यांच्या आश्रयस्थानात बेंजामिन वॉर्ड रिचर्डसन नावाच्या डॉक्टरने वायूने मारण्याची खोली बसवली. दयेचंच यंत्र बरं का ते! आज ऐकताना अंगावर काटा येतो, पण त्याआधी काय चालायचं ते वाचलं की रिचर्डसनचा राग येत नाही.

आपल्याकडे हा वाद सगळ्यात जास्त पेटला १९२८ मध्ये, साबरमतीला. आश्रमातलं एक जखमी वासरू वेदनेने तळमळत होतं. उपाय खुंटल्यावर गांधीजींनी डॉक्टरकडून त्याला इंजेक्शन देववलं आणि ते लपवलं नाही, लिहून छापलं. संतापाच्या पत्रांचा पाऊस पडला. त्यांचा मुद्दा साधारण आईसारखाच होता: जीव घेतला की नाही एवढंच बघू नका, कोणाच्या भल्यासाठी आणि काय वेदना होत्या तेही बघा. मला ते पटतं. पण पांजरपोळ असो की साबरमती, लुळं पडलेलं पण न दुखणारं जनावर पुन्हा चालतं करावं, ही शक्यता या भांडणात कोणाच्याच हाताशी नव्हती.

ती आली माणसांच्या बाजूने. खाणीतल्या अपघातात पाठ मोडून पायांनी लुळा झालेला हर्बर्ट एव्हरेस्ट आणि त्याचा अभियंता मित्र हॅरी जेनिंग्ज यांनी १९३३ मध्ये पोलादी नळ्यांची, घडी होणारी खुर्ची केली. १९६० च्या दशकात लिंकन पार्क्स या अमेरिकन पशुवैद्याने कुत्र्यांसाठी गाड्या करायला घेतल्या. १९८९ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या एड ग्रिनेल या अभियंत्याने आपल्या डॉबरमनसाठी एक केली, आणि पुढे त्याचाच धंदा झाला.

आता जरा अवघड भाग. बाबूचे पाय नुसतं नशीब म्हणून गेलेले नाहीत. बिज्जूच्या बिळात शिरायला म्हणून जर्मन शिकाऱ्यांनी ही आखूड पायांची जात घडवली. २०१७ मध्ये संशोधकांनी दाखवलं, की अशा जातींच्या बाराव्या गुणसूत्रावर एका वाढीच्या जनुकाची जास्तीची प्रत असते, आणि मणक्यांच्या चकत्या लवकर कडक होऊन फुटण्याशी तिचा थेट संबंध आहे. म्हणजे ज्या हौसेने आपण हे कुत्रं आणतो, तिच्यातच हे दुखणं आहे. गाडीवर काहीशे डॉलर घालताना ते विसरता येत नाही, निदान मला तरी.

मग गाडी घ्यावी की नाही? मी नाही सांगणार, पण काय विचारायचं ते सांगतो. दुखतंय का, हे आधी. पुढचे पाय आणि खांदे भक्कम आहेत का, कारण सगळा भार त्यांच्यावर येतो. मूत्राशय दिवसातून तीन-चारदा हाताने दाबून रिकामं करायला घरात कोण आहे? आमच्या घरात यावरूनच सगळ्यात जास्त भांडणं झाली. हे नीट झालं नाही तर लघवीचा संसर्ग होतो, कुत्रं ओलं राहिलं तर कातडी सोलवटते. शिवाय गाडीत कुत्र्याला आडवं होता येत नाही, त्यामुळे ती दिवसभर बांधून ठेवायची वस्तू नव्हे. सुरुवातीला दहा-पंधरा मिनिटं, मग हळूहळू वाढवायचं. कॉर्गी किंवा जर्मन शेफर्डला मज्जारज्जू झिजत जाण्याचा आजार असेल, तर त्यात दुखत नाही, पण तो थांबतही नाही. आज मागचे पाय जातात, पुढे पुढचेही. तिथे दोन चाकांवर भागत नाही, चार लागतात, आणि हाच प्रश्न दर थोड्या महिन्यांनी नव्याने विचारावा लागतो.

आम्ही घेतली. पहिल्या दिवशी बाबू अंगणात पुतळ्यासारखा उभा राहिला. तिसऱ्या दिवशी खार दिसली आणि तो गाडीसकट हिरवळीवरून सुटला, कुंपणाशी एक चाक अडकलं, तिथे उभा राहून भुंकत बसला. व्हिडिओ आईला पाठवला. तिचं उत्तर आलं, "याला ब्रेक कुठे असतो?"