वायपरची उलटतपासणी

मंडळी, गाडीतला सगळ्यात दुर्लक्षित पार्ट कुठला असं कोणी विचारलं, तर माझं मत वायपरला. इंजिनाचं कौतुक होतं, म्युझिक सिस्टिमवर पैसे उडवले जातात, ॲव्हरेजवर तर ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये तास तास चर्चा झडते. वायपर आठवतो तो थेट पावसाळ्यात, घाटात समोरचा ट्रक दिसेनासा झाला की! पण या दोन दांड्यांमागे शंभराहून जास्त वर्षांचा इतिहास आहे. आणि गंमत म्हणजे वायपरचा बिघाड शोधायला बसलं, की तोच इतिहास थराथराने उलगडत जातो.

पहिला थर रबराचा. वायपर फिरतोय, पण काचेवर पाण्याचे फराटे राहतायत किंवा करकर आवाज येतोय, तर आधी रबर बघायचं. उन्हाने ते कडक होतं, कड झिजते. काच पुसायची ही कल्पना अलाबामातल्या बर्मिंगहॅम शहरात राहणाऱ्या मेरी अँडरसन या बाईंची. हिवाळ्यात त्या न्यूयॉर्कला गेल्या होत्या. तिथे ट्रॅमच्या ड्रायव्हरला बर्फामुळे समोरचं दिसेना, म्हणून तो चक्क पुढची काच उघडून गाडी हाकत होता. बाईंनी घरी येऊन डिझाइन केलं आणि १० नोव्हेंबर १९०३ ला पेटंट मिळवलं. आतून हाताने ओढायचा दांडा, बाहेर रबर लावलेली पट्टी. बस, एवढंच. १९०५ मध्ये एका कॅनडियन कंपनीला त्यांनी हे विकायचा प्रयत्न केला, तर उत्तर आलं, याला व्यापारी किंमत नाही! १९२० मध्ये पेटंटची मुदत संपली, आणि नेमकं त्यानंतर वायपर घरोघरच्या गाड्यांवर आला. बाईंना त्यातून काही मिळालं नाही. त्या १९५३ मध्ये गेल्या. अमेरिकेच्या नॅशनल इन्व्हेंटर्स हॉल ऑफ फेममध्ये त्यांचं नाव लागलं ते २०११ साली.

दुसरा थर मोटरचा. हाताने दांडा ओढत गाडी चालवणं म्हणजे कसरतच. म्हणून मग इंजिनाच्या ओढीवर, म्हणजे व्हॅक्यूमवर चालणारे वायपर आले. त्यांची एक मोठी खोड होती. ॲक्सिलरेटर दाबला की व्हॅक्यूम कमी होतो, त्यामुळे गाडी चढ चढायला लागली की वायपर मंदावायचा. म्हणजे आपल्या घाटात तर कल्याणच! बॉशने १९२६ मध्ये विजेच्या मोटरवरचा वायपर बाजारात आणला, तरी अमेरिकेत काही गाड्यांवर व्हॅक्यूमचं प्रकरण १९७० नंतरही टिकून होतं.

आज छोट्या गाडीत या थरात काय बिघडतं? मोटरचा आवाज येतो पण दांडे हलत नाहीत, तर दांड्याच्या बुडाचा नट सैल झालेला असतो किंवा आतल्या लिंकेजचा जॉइंट निसटलेला असतो. आवाजच नाही, तर आधी फ्यूज, मग अर्थिंग, मग टेस्ट लॅम्प लावून मोटरपर्यंत करंट पोचतोय का ते बघायचं. आणि स्विच बंद केल्यावर वायपर काचेच्या मधोमध थांबला, तर पार्किंगच्या कॉन्टॅक्टवर संशय घ्यायचा. तुम्ही स्विच बंद केला तरी दांडे खाली आपल्या जागी पोचेपर्यंत मोटरला करंट मिळत राहावा, यासाठी मोटरच्या गिअरपाशीच हा कॉन्टॅक्ट बसवलेला असतो.

तिसरा थर मला स्वतःलाच भेटला. गेल्या पावसाळ्यात माझ्या छोट्या गाडीचा वायपर स्लो आणि फास्टवर छान चालायचा, पण थांबून थांबून फिरायचा मोड गायब. एका गॅरेजने सरळ मोटर बदलायचं एस्टिमेट हातात ठेवलं. दुसरीकडे एक वयस्कर इलेक्ट्रिशियन होते. त्यांनी दोन मिनिटं नुसता स्विच खालीवर केला आणि म्हणाले, "साहेब, स्लो चालतंय, फास्ट चालतंय, जागेवर पण येतंय. मग मोटर कशाला खोलायची?" मी म्हटलं, "काका, मग राहिलं काय?" त्यांनी डॅशबोर्डखालून एक डबीएवढा रिले काढला, उघडला, सोल्डरचा तडकलेला एक टाका दाखवला आणि तो पुन्हा मारून दिला. झालं. याला म्हणतात डीबगिंग! जे चालतंय ते आधी बाजूला काढा, उरेल त्यात बग.

आता त्या डबीची गोष्ट. रॉबर्ट कर्न्स नावाचे इंजिनिअरिंगचे प्राध्यापक डेट्रॉइटला राहायचे. १९५३ मध्ये, लग्नाच्या रात्री शॅम्पेनचं बूच उडून त्यांचा डावा डोळा जायबंदी झाला होता. पुढे रिमझिम पावसात गाडी चालवताना त्यांना वाटलं, पापणी कशी थांबून थांबून लवते, तसा वायपर का नाही? एक कपॅसिटर, एक रेझिस्टर, एक ट्रान्झिस्टर. कपॅसिटर हळूहळू चार्ज होतो, ठराविक पातळीला पोचला की ट्रान्झिस्टर मोटरला एक फेरी मारायला लावतो. १९६३ मध्ये त्यांनी हे फोर्डला दाखवलं, १९६७ मध्ये पेटंट मिळालं. १९६९ मध्ये फोर्डच्या गाड्यांवर असा वायपर आला, पण कर्न्सशी करार न करता. पाठोपाठ इतर कंपन्याही आल्या.

कर्न्सनी १९७८ मध्ये फोर्डवर आणि १९८२ मध्ये क्रायस्लरवर दावा लावला. कंपन्यांचं म्हणणं विचार करण्यासारखं होतं. कपॅसिटर जुना, ट्रान्झिस्टर जुना, सगळे पार्ट बाजारात मिळतात, मग यात शोध कसला?

मला हा प्रश्न आपल्या धंद्याचा वाटतो. आपण तरी काय करतो? लायब्ररी दुसऱ्याची, डेटाबेस तिसऱ्याचा, आपण फक्त जोडणी करतो. "त्यात काय एवढं" हे वाक्य प्रत्येक डेव्हलपरने अप्रेझलला एकदा तरी ऐकलेलं असतं. पण कुठले पार्ट कुठल्या क्रमाने जोडायचे हे सुचणं, हेच तर काम आहे! जुन्या सुट्या भागांच्या यादीत थांबून फिरणारा वायपर कुठेच नव्हता.

१९९० मध्ये ज्युरीने कर्न्सच्या बाजूने कौल दिला. फोर्डने पेटंट वापरलं, पण जाणूनबुजून चोरी केली नाही, असंही ज्युरीचं मत पडलं. फोर्डने १ कोटी २ लाख डॉलर देऊन प्रकरण मिटवलं. क्रायस्लरविरुद्ध कर्न्स स्वतःच वकील म्हणून उभे राहिले आणि १९९२ मध्ये जिंकले. व्याज धरून सुमारे ३ कोटी डॉलर मिळाले. पण तोवर संसार मोडला होता आणि आयुष्याची उमेदीची वर्षं कोर्टात गेली होती. त्यांना खरं तर वायपरचा स्वतःचा कारखाना काढायचा होता. तो कधीच निघाला नाही. २००५ मध्ये ते गेले.

त्यांनी लढायला हवं होतं की पैसे घेऊन मोकळं व्हायला हवं होतं, यावर माझं अजून नक्की मत होत नाही. एवढं मात्र खरं, की त्या काकांनी टाका मारल्याचे जे काय पैसे मागितले, त्यात मला घासाघीस करावीशी वाटली नाही. सोल्डर काय हो, कुठेही मिळतं.

असो. पाऊस यायच्या आत रबरं तेवढी बदलून घ्या.