केडगाव ते वाल्परायसो

ईस्टरनंतरचा पन्नासावा दिवस म्हणजे पेंटेकॉस्ट, शिष्यांवर पवित्र आत्मा उतरल्याच्या स्मरणाचा सण. मेथडिस्ट मंडळ्यांत तो उपासनेचा एक नेमस्त दिवस असे. चिलीतील वाल्परायसोच्या मंडळीत मात्र त्याच अनुभवाच्या आकांक्षेने फूट पडली. तिचे एक मूळ पुणे जिल्ह्यात सापडते, याकडे लॉस एंजेलिसलाच केंद्र मानणाऱ्या इतिहासकारांचे पुरेसे लक्ष गेलेले नाही.

जून १९०५ मध्ये पंडिता रमाबाईंच्या केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये मुलींच्या प्रार्थनासभांतून धार्मिक जागृती झाली. तेथे कार्य करणाऱ्या मेथडिस्ट परंपरेतील मिनी एब्रम्स यांनी 'पवित्र आत्म्याचा व अग्नीचा बाप्तिस्मा' या अर्थाच्या इंग्रजी पुस्तकात १९०६ साली ती वर्णिली आणि पुस्तक वाल्परायसोला, आपली जुनी सहाध्यायिनी मे हूवर हिच्याकडे, पाठविले. मे हिचे पती विलिस हूवर तेथील मेथडिस्ट पाळक होते. ऑगस्ट १९०६ च्या भूकंपाने शहर उद्ध्वस्त झाले होते. घरोघरी जमून प्रार्थना करणाऱ्या श्रमिक कुटुंबांना हे वृत्त परके वाटले नसावे. १९०९ मध्ये तेथेही सामूहिक आक्रंदन, दृष्टान्त व अन्य भाषांतील उद्गार सुरू झाले. वरिष्ठांना त्यात शिस्तभंग दिसला. १९१० मध्ये हूवर व त्यांचे अनुयायी वेगळे झाले. तरी 'मेथडिस्ट' हे नाव आणि बालबाप्तिस्मा त्यांनी सोडला नाही.