विडी कारखान्यातील ‘स्वतंत्र’ कामगार : गिग रोजगाराची नागपुरातील पूर्वपीठिका

अ‍ॅपवरून मिळालेले काम करणारा तरुण कामगार नसून ‘भागीदार’ आहे, तो स्वेच्छेने काम स्वीकारतो व स्वेच्छेने थांबतो, असा युक्तिवाद कंपन्यांकडून केला जातो. हा प्रश्न एकविसाव्या शतकातच उद्भवला असे सर्वसाधारणपणे मानले जाते. नागपूरचा श्रमिक इतिहास पाहता हे मत स्वीकारता येत नाही. प्रस्तुत लेखात विडी उद्योगाच्या संदर्भात या प्रश्नाचा विचार केला आहे.

नागपुरात पारंपरिक रोजगार म्हणजे प्रामुख्याने गिरणी. जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ रोजी सुरू झाली. तेथे १८८६ मध्ये निवृत्तिवेतन निधी व १८९५ मध्ये अपघात भरपाईची व्यवस्था झाली. गिरणीतील जीवन सुखाचे होते असे नव्हे. मात्र मालक कोण हे ठाऊक होते, हजेरीपट होता आणि एका आवारात येणाऱ्या माणसांना संघटित होणे शक्य होते.

विडी उद्योगाचे स्वरूप निराळे होते. नागपूर, कामठी, भंडारा, गोंदिया या पट्ट्यात मालक तेंदूपत्ता व तंबाखू सट्टेदाराला देई आणि सट्टेदार विड्या वळवून घेई. मजुरी हजार विड्यांच्या हिशेबाने मिळे व नापास विड्यांची मजुरी बुडे. बरेचसे काम घरोघरी, विशेषतः स्त्रियांकडून, चाले. अशा विखुरलेल्या कामगारांना संघटित करणे किती कठीण होते, याची कल्पना आल्यावरच कामठीचे बाबू हरदास (१९०४-१९३९) यांच्या कार्याचे महत्त्व ध्यानी येते. विडी कामगारांत काम करणारा हा आंबेडकरी कार्यकर्ता १९३७ मध्ये मध्यप्रांत-वऱ्हाडच्या विधिमंडळावर निवडून आला.

‘बिरधीचंद शर्मा विरुद्ध प्रथम दिवाणी न्यायाधीश, नागपूर’ या खटल्याचा सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९६० मध्ये निकाल दिला. नागपूरच्या एका विडी कारखान्यातील कामगारांनी १५ दिवसांची रजा घेतली होती व त्या दिवसांचे वेतन मागितले होते. मागणी एवढीच होती. व्यवस्थापनाचे म्हणणे असे की, हे लोक हवे तेव्हा येतात, हवे तेव्हा जातात, मजुरी नगावर घेतात, म्हणून ते कामगारच नव्हेत. (तासिका तत्त्वावर अध्यापन करणाऱ्या आपल्या सहकाऱ्यांना हा युक्तिवाद अपरिचित वाटू नये.) न्यायालयाने तपशील तपासला. दुपारनंतर येणाऱ्यास काम मिळत नसे, काम कारखान्यातच करावे लागे आणि दर्जास न उतरणाऱ्या विड्या नाकारण्याचा अधिकार व्यवस्थापनाकडे होता. विडी वळताना कोणी देखरेख केली नाही तरी शेवटी माल नाकारण्याच्या या अधिकारात नियंत्रण आहे, असे ठरवून न्यायालयाने त्यांना कारखाना अधिनियमाखालील कामगार मानले.

तथापि हा विजय निर्णायक नव्हता. सट्टेदार हे स्वतंत्र कंत्राटदार होत, असे १९५८ मध्ये चिंतामणराव खटल्यात ठरलेच होते. पुढे ऑक्टोबर १९६१ मध्ये सिन्नरच्या विडी कारखान्यातील एका व्यक्तीस कामगार मानण्यास न्यायालयाने बहुमताने नकार दिला. न्यायमूर्ती सुब्बा राव यांनी भिन्न मत नोंदविले. जवळपास सारखीच वस्तुस्थिती, दहा महिन्यांचे अंतर आणि उलट निष्कर्ष! कामगाराचे भवितव्य व्याख्येवर अवलंबून ठेवले की असे घडते.

ही कोंडी १९६६ च्या विडी व सिगार कामगार अधिनियमाने फोडली. घरी विड्या वळणारी स्त्रीही कर्मचारी ठरली. प्रस्तुत लेखकास मात्र या कायद्यातील ३९ वे कलम अधिक मोलाचे वाटते. कच्चा माल किती दिला, विड्या का नाकारल्या, नाकारलेल्या विड्यांची मजुरी द्यायची की नाही, हे वाद निश्चित प्राधिकाऱ्यापुढे नेण्याची सोय त्यात होती. त्यामुळे नापास करण्याचा अधिकार मालकाचा एकट्याचा राहिला नाही.

आज विड्यांच्या जागी ग्राहकाने दिलेले तारांकन आहे. ते घसरले की काम कमी मिळते, कधी खातेच बंद होते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात आलेल्या सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० ने गिग कामगाराची व्याख्याच पारंपरिक मालक-कर्मचारी संबंधाबाहेरील व्यक्ती अशी केली आहे. कंपन्यांनी उलाढालीच्या १ ते २ टक्के रक्कम सामाजिक सुरक्षेसाठी द्यावी, अशी तरतूद त्यात आहे. खाते का बंद केले, हा वाद मांडण्याची जागा त्यात नाही. कर्नाटकाच्या २०२५ च्या कायद्याने मात्र काम थांबविण्यापूर्वी लेखी कारण व १४ दिवसांची सूचना देणे बंधनकारक केले आहे.