पल्सरचा वेग कसा मोजतात? आणि तो आला कुठून, हे कसं कळतं?

मोठ्या ताऱ्याचा स्फोट झाला की कधी कधी त्याचा गाभा जेमतेम २० किलोमीटरचा न्यूट्रॉन तारा बनून उरतो. तो गरगर फिरतो आणि त्याच्या रेडिओ लहरींचा झोत दीपगृहासारखा आपल्यावरून जातो. हाच पल्सर! इथे मी 'बी१५०८+५५' या पल्सरचं उदाहरण घेतोय.

१. सरकणं मोजा

हा पल्सर कालेय तारकासमूहात दिसतो. आकाशात तो वर्षाला साधारण ०.१ आर्कसेकंद सरकतो. म्हणजे पूर्ण चंद्राच्या रुंदीएवढं सरकायला त्याला १८-१९ हजार वर्षं लागतील! इतकं बारीक टिपायला एकमेकींपासून खूप लांब असलेल्या डिश लागतात. आपल्या खोडदच्या जीएमआरटीच्या ३० डिश सुमारे २५ किलोमीटरमध्ये पसरल्या आहेत. अमेरिकेच्या व्हीएलबीएच्या १० डिश हवाईपासून कॅरिबियनपर्यंत, तब्बल ८,००० किलोमीटरमध्ये आहेत. हे काम तिनेच केलं.

२. अंतर काढा

नुसत्या सरकण्यावरून वेग कळत नाही, अंतरही लागतं. डोळ्यांसमोर अंगठा धरून एकेक डोळा मिटा, अंगठा हलल्यासारखा वाटेल. पृथ्वी सूर्याभोवती फिरते तेव्हा पल्सरही असाच किंचित हलल्यासारखा दिसतो. २२ महिन्यांच्या निरीक्षणांतून अंतर निघालं सुमारे ७,७०० प्रकाशवर्षं. आणि २००५ साली जाहीर झालेला वेग होता सेकंदाला सुमारे १,१०० किलोमीटर!

३. उलटं मागे जा

आता हाच मार्ग मागे न्यायचा. तो पोहोचतो हंस तारकासमूहातल्या महाकाय ताऱ्यांच्या भागात, सुमारे २५ लाख वर्षांपूर्वी. पल्सरचं फिरणं हळूहळू मंदावतं. त्यावरून काढलेलं वयही साधारण २३ लाख वर्षं येतं. दोन वेगळ्या पद्धती, उत्तरं जवळजवळ सारखी.

पण एक मेख आहे. तो आपल्याकडे येतोय की लांब जातोय, हा वेग थेट मोजता येत नाही. म्हणून जन्माचा भाग सांगता येतो, नेमका बिंदू नाही.

मग एवढा आटापिटा कशाला?

कारण एवढ्या वेगाने हा पल्सर आपली आकाशगंगा कायमची सोडून जाणार आहे. त्याला एवढा धक्का बसला कसा? स्फोट सगळीकडे सारखा झाला असता, तर गाभा जागेवरच राहिला असता. म्हणजे स्फोट एकीकडे झुकलेला होता. तारा कसा फुटतो याचं कुठलंही मॉडेल मांडा, त्याला या वेगाचा हिशोब द्यावाच लागतो.