हौशी महासंघ आणि व्यावसायिक कबड्डीची दुसरी लीग

प्रस्थापित व्यावसायिक लीगला, म्हणजे मालकांनी विकत घेतलेल्या संघांच्या हंगामी साखळी स्पर्धेला, आव्हान देणारी दुसरी लीग टिकते ती तिच्या हाती पहिलीला हवेसे वाटेल असे काही असेल तरच. अमेरिकेत १९६७ मध्ये सुरू झालेल्या अमेरिकन बास्केटबॉल असोसिएशनकडे असे बरेच काही होते: लाल-पांढरा-निळा चेंडू, लांबून केलेल्या बास्केटला तीन गुण देण्याचा नियम आणि ज्युलियस अर्व्हिंगसारखे खेळाडू, त्यामुळे १९७६ मध्ये ती संपली तेव्हा तिचे चार संघ एनबीए या प्रस्थापित लीगमध्ये सामावले गेले आणि तीन गुणांचा नियमही १९७९-८०च्या हंगामापासून तेथे आला. महाराष्ट्रात या घटनेशी जुळणारा प्रसंग बास्केटबॉलमध्ये नव्हे, तर कबड्डीत घडला.

वऱ्हाडातल्या वरूडपासून पुण्या-मुंबईपर्यंत हुतुतू म्हटल्या जाणाऱ्या या खेळाचे पूर्वी एकच रूप नव्हते. बाद झालेला गडी प्रतिपक्षाचा गडी बाद होताच परत येई ती संजीवनी, सगळा संघ बाद होईपर्यंत बाहेरच बसे ती गामिनी, आणि बाद होऊनही मैदानात राहून केवळ गुण मोजला जाई ती अमर. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात महाराष्ट्रातील व्यायामसंस्थांनी हे नियम एकत्र बांधत आणले, आणि वऱ्हाडातल्याच अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने १९३६च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी लाठी, मल्लखांब यांसारख्या प्रकारांबरोबर हा खेळही जगापुढे मांडला. १९५० मध्ये देशपातळीवर महासंघ स्थापन झाल्यावर नियम आणि निवड यांवर एकाच संस्थेचा अधिकार आला.

या संस्थेच्या आजच्या नावात ‘हौशी’ हा शब्द आहे, तरी २६ जुलै २०१४ रोजी आठ संघांनिशी सुरू झालेली प्रो कबड्डी लीग तिच्याच मान्यतेने उभी राहिली, ही विसंगती सहसा कोणाला खटकली नाही. चढाई, पकड आणि लोण (प्रतिपक्षाचा सगळा संघ बाद केल्याबद्दल मिळणारे जादा गुण) हे शब्द दूरचित्रवाणीमुळे घरोघर पोहोचले आणि खेळाडूंना लिलावात मोठ्या रकमा मिळू लागल्या. पैसा वाढला तसे महासंघाच्या कारभाराकडे लक्ष जाणेही ओघाने आले. ऑगस्ट २०१८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने महासंघाच्या सर्वोच्च पदांवरील नेमणुका रद्द ठरवून प्रशासकाची व्यवस्था केली. त्याच सुमारास महासंघावर नाराज असलेली मंडळी न्यू कबड्डी फेडरेशन या वेगळ्या संस्थेभोवती जमली होती.

याच संस्थेच्या पाठबळावर १३ मे २०१९ रोजी पुण्यात बालेवाडीला इंडो इंटरनॅशनल प्रीमियर कबड्डी लीग सुरू झाली. पुणे प्राइड आणि मुंबईचे राजे यांसह तिच्यात आठ संघ होते. पुण्यानंतर सामने म्हैसूर आणि बंगळुरूला गेले, तर अंतिम सामन्यात बंगळुरूच्या संघाने पुणे प्राइडला हरवले. वीस-वीस मिनिटांच्या दोन सत्रांऐवजी दहा-दहा मिनिटांची चार सत्रे खेळवण्याची तिची पद्धत थेट बास्केटबॉलच्या वळणाची होती. त्याहून महत्त्वाचे होते ते खेळाडूंना लीगच्या उत्पन्नात वाटा देण्याचे आश्वासन, कारण लिलावात खेळाडूची किंमत ठरते, पण उत्पन्नावर त्याचा हक्क निर्माण होत नाही.

तरीही हे आव्हान अपुरे पडले. अमेरिकेतील बंडखोर लीगने नामवंत खेळाडू स्वतःकडे ओढले होते. येथे मात्र भारतीय संघात येण्याचा मार्ग मान्यताप्राप्त महासंघातूनच जात असल्याने नामवंत चढाईपटू प्रो कबड्डीतच राहिले. नव्या लीगची तक्रार रास्त असेल, पण तक्रारीवर प्रेक्षक जमत नाहीत. पुढच्या वर्षी महासाथीने मैदाने बंद झाली आणि डिसेंबर २०२१ मध्ये बंगळुरूत परतली ती प्रो कबड्डीच, तीही पूर्वीच्याच दोन सत्रांनिशी. हुतुतू बर्लिनला नेणाऱ्या वऱ्हाडच्या नावाचा संघ मात्र दोन्ही लीगमध्ये नव्हता, त्यामुळे वरूडच्या चढाईपटूला व्यावसायिक मैदान गाठायचे तर परक्या शहराचाच गणवेश घालावा लागणार होता.