गणकयंत्र आणि खातेवही

कचेरीत गणकयंत्र यावे ते कोणाच्या सुखासाठी, हा प्रश्न कलकत्त्याइतक्या तीव्रतेने आपल्या देशात क्वचितच कोठे विचारला गेला असेल. १९५६ साली २४५ विमासंस्था एका महामंडळात विलीन झाल्या. पुढील दशकात त्यांचा अवाढव्य हिशेब यंत्राकडे सोपविण्याचे ठरले. तेव्हा इलॅको हाउसमध्ये यंत्र शिरू नये म्हणून विमा कर्मचाऱ्यांनी त्या इमारतीवर रात्रंदिवस पहारा ठेवला. या पहाऱ्याची पुढे बरीच थट्टा झाली. आम्हांस ती अप्रस्तुत वाटते. पदवीधर तरुण कारकुनीसाठी वणवण फिरत असता हाती असलेली खुर्ची राखावी असे वाटणे, हा काही अडाणीपणा नव्हे.

या वादातूनच १९६९ साली केंद्र सरकारने स्वयंचलनाविषयी समिती नेमली. तिचे अध्यक्ष आपल्या पुण्याचे प्रा. वि. म. दांडेकर होते, अहवाल १९७२ साली आला. बँकांत मात्र यंत्र आले ते करारमदार करून: १९८३ चा समझोता, १९८४ चा रंगराजन समितीचा अहवाल, आणि १९९३ चा करार.

आपल्यापैकी ज्यांनी परप्रांतांतील शाखांत जुनी लेजरे सांभाळली, त्यांस त्या सहामाहीचे वर्णन करून सांगावयास नको. दर महिन्याच्या १० तारखेपासून अखेरपर्यंतची किमान शिल्लक खात्याखात्यांतून हुडकावयाची, त्यावर व्याज मांडावयाचे, आणि बेरीज जुळेना म्हणून मध्यरात्रीपर्यंत दिव्याखाली बसावयाचे. घरी मुले निजलेली असत. यंत्राने ती रात्र परत दिली, हे नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. परंतु खातेवहीतील अक्षर कारकुनाचे स्वतःचे असे. चूकही त्याची, आणि ती सापडल्याचे समाधानही त्याचेच. पडद्यावरील आकड्यास असे नाते उरले नाही. मान आणि डोळे यांच्या तक्रारी मात्र नव्याने आल्या.

कलकत्त्यास ज्या छाटणीची धास्ती होती, ती त्या रूपाने आली नाही. २०००-०१ साली सरकारी बँकांनी स्वेच्छानिवृत्तीची योजना काढली. १५ वर्षे सेवा झालेले किंवा वयाची ४० वर्षे पुरी केलेले तिला पात्र होते. सुमारे १ लाख लोक पैसे घेऊन घरी गेले. त्यांत लेजर जुळविण्यात मुरलेले पुष्कळ होते. मागे राहिलेल्यांवर त्यांच्या खिडक्यांचेही काम येऊन पडले, आणि संध्याकाळी घरी जाण्याची वेळ पुन्हा लांबली.