बारा भाषांचे बिऱ्हाड

बंगळूरास बदली होऊन आलेल्या मराठी माणसास या शहराशी असलेले आपले जुने नाते सांगावयाचे झाले, की तो शहाजीराजांचे नाव घेतो. १६३८ मध्ये विजापूरकरांनी हे ठाणे घेतल्यानंतर शहाजीराजांचा दरबार येथे भरू लागला. त्या दरबारी आलेल्या जयराम पिंड्ये या कवीस बारा भाषा अवगत होत्या. त्याचा ‘राधामाधवविलासचंपू’ इतिहासाचार्य राजवाडे यांनी १९२२ साली प्रसिद्ध केला. एका मस्तकात बारा भाषांनी बिऱ्हाड कसे थाटले असेल, हे कुतूहल आम्हांस कॉलेजात असल्यापासून होते. गेल्या वर्षी त्या कुतूहलाची जागा काळजीने घेतली.

आमच्या शेजारी ऐंशीच्या घरातील एक सेवानिवृत्त मराठी अधिकारी राहतात. घरात मराठी, कचेरीत इंग्रजी आणि बाजारात कन्नड, असा त्यांचा चाळीस वर्षांचा परिपाठ. एका पहाटे त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात लुळा पडला आणि वाचा गेली. रुग्णालयात त्यांना इंग्रजीत व कन्नडमध्ये प्रश्न विचारण्यात आले. उत्तर मिळेना, तेव्हा ‘आकलन नाही’ असा शेरा कागदावर पडला. सायंकाळी त्यांच्या पत्नीने सहज विचारले, “अहो, चष्मा कुठं ठेवलात?” त्यांनी डाव्या हाताने उशीकडे बोट दाखविले. पुढे ‘पाणी’ हा साधा शब्द ज्यांच्या ओठांवर येत नव्हता, ते पावकी मात्र न अडखळता म्हणू लागले!

या व्याधीस वाचाघात म्हणतात. तिच्या अभ्यासास खरी दिशा मिळाली ती १८६१ मध्ये. पॅरिसजवळच्या बिसेत्र येथील रुग्णालयात लबोर्न्य नावाचा एक रोगी होता. त्याला दुसऱ्याचे बोलणे समजे. पण स्वतः तो ‘तां’ या एकाच अक्षराने उत्तर देई. त्याच्या मृत्यूनंतर पोल ब्रोका या शस्त्रवैद्याने त्याचा मेंदू तपासला, तेव्हा डाव्या अर्ध्या भागात, कपाळाच्या बाजूस, इजा आढळली. १८७४ मध्ये कार्ल वेर्निके याने उलट प्रकार वर्णिला. हे रोगी अस्खलित बोलत, परंतु बोलण्यास अर्थ नसे आणि दुसऱ्याचे त्यांना कळत नसे. तेथे इजा डाव्या कानशिलाच्या मागल्या बाजूस होती. पुढे असे दिसून आले, की वाणी ही एकदोन कोठड्यांत बंद नसून दूरदूरच्या भागांना जोडणाऱ्या तंतूंचे ते जाळे आहे. शब्द योजून बोलणे निराळे आणि लहानपणी घोकलेले म्हणणे निराळे. म्हणूनच पाणी मागता न येणारा मनुष्य पावकी म्हणू शकतो.

मग बहुभाषिकाचे काय? रिबो याने १८८१ मध्ये मत मांडले, की आधी शिकलेले अधिक टिकते. म्हणजे बालपणीची भाषा आधी परतावी. पित्र याने १८९५ मध्ये सांगितले, की नित्य वापरातील भाषा आधी परतते. दोघांनाही पुष्कळ अपवाद निघाले. बहुतेकांच्या सर्व भाषा बरोबरीने सुधारतात. काहींची मात्र एक पुढे जाते व दुसरी मागे राहते. तात्पर्य, एकाच भाषेत घेतलेली परीक्षा अपुरी होय.

या विचाराचा एक धागा पुन्हा बंगळूरास येऊन मिळतो. १८४७ च्या सुमारास येथे वेड्यांचे इस्पितळ निघाले. १९५४ मध्ये त्याच्याच जोडीला अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्था उभी राहिली आणि १९७४ मध्ये दोहोंचे मिळून ‘निम्हान्स’ झाले. डॉ. सुवर्णा अल्लाडी पुढे याच संस्थेत आल्या. हैदराबादेत असताना त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी स्मृतिभ्रंशाचे ६४८ रोगी अभ्यासले. एकाहून अधिक भाषा बोलणाऱ्यांत हा विकार सुमारे साडेचार वर्षे उशिरा सुरू झालेला दिसला, निरक्षरांतसुद्धा! हे निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. २०१६ मध्ये मेंदूच्या झटक्याच्या ६०८ रोग्यांचा अभ्यास आला. झटक्यानंतर ज्यांची बुद्धी शाबूत राहिली त्यांचे प्रमाण बहुभाषिकांत ४०.५ टक्के, तर एकभाषिकांत १९.६ टक्के होते. वाचाघाताचे प्रमाण मात्र दोहोंकडे जवळजवळ सारखेच होते. अधिक भाषा येणे बुद्धीस आधार देत असेल. वाचेस तसे कवच त्यातून मिळालेले दिसले नाही.

आमच्या शेजाऱ्यांना आता मराठीत छोटी वाक्ये जुळविता येतात. मधूनच एखादा कन्नड शब्द येतो आणि भाजीवाली आनंदाने हसते. शिकविणाऱ्या बाईंना मराठी येत नाही. म्हणून त्यांची पत्नी शेजारी बसून दुभाष्याचे काम करते. ती नसती तर तो पहिला शेरा कायम राहिला असता, हा विचार आम्हांस अस्वस्थ करतो. वाचा जाणे म्हणजे समज जाणे नव्हे, हे लबोर्न्याच्या काळापासून ठाऊक आहे. तरी प्रत्येक खाटेपाशी ते नव्याने सिद्ध करावे लागते.

आम्हा कारकुनांस सर्व गोष्टींची नोंद ठेवण्याची खोड. रक्तगट आपण लिहून ठेवतोच. त्याखाली आणखी एक ओळ लिहावी: कोणती भाषा कोणत्या वयात शिकलो, घरी कोणती बोलतो, हिशेब कोणत्या भाषेत करतो. परमुलखात राहणाऱ्याची ती ओळ वेळप्रसंगी त्याच्या वतीने बोलेल. आम्ही आमची लिहून ठेवली आहे.